चार फुटी खाऱ्या टाकीसाठी संप आणि रेफ्युजियम: आखणीपासून चालू करण्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका फ्लॅटमध्ये १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर मापाची खाऱ्या पाण्याची टाकी वर्षभर चालू आहे. तीत काही लहान मासे, झोआंथस आणि मश्रूम प्रवाळ आहेत, गाळणीचे काम मागच्या काचेवर अडकवलेला फिल्टर करतो आणि नायट्रेट (माशांची विष्ठा व उरलेले अन्न कुजून साठणारे द्रव्य) ४० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली उतरत नाही. आता टाकीखालच्या कॅबिनेटमध्ये ७५ × ३० × ४० सेंटिमीटरचा पाच कप्प्यांचा संप (मुख्य टाकीला पाइपांनी जोडलेली, गाळणीची साधने ठेवण्याची खालची टाकी) बसवून त्यातला एक कप्पा शेवाळाच्या रेफ्युजियमला, म्हणजे पाणी स्वच्छ करण्यासाठी शेवाळ वाढवण्याच्या जागेला, द्यायचा विचार आहे. कप्पे कसे पाडावेत, पंप किती क्षमतेचा घ्यावा, शेवाळ कोणते लावावे आणि तळाशी चिखल घालावा का, असे आपण विचारले आहे.

बहुतेक संप पंप चालू असताना कसे दिसतील यावरून आखले जातात. माझ्या मते आखणीची सुरुवात वीज गेलेल्या क्षणापासून व्हायला हवी, कारण संपाची लांबी, रुंदी आणि चालू पातळी त्या एका क्षणावरून ठरते. रेफ्युजियमबद्दलही आधीच स्पष्ट सांगतो, की त्याला भरपूर जागा आणि भरपूर उजेड देता येत असेल तरच ते करावे. एवढ्याशा कप्प्यात मूठभर शेवाळ ठेवून नायट्रेट उतरत नाही. त्यामुळे ७५ × ३० मध्ये पाच कप्प्यांची योजना सोडून द्यावी आणि कॅबिनेटमध्ये बसत असेल तर ९० × ४० × ४० चा, तीनच कप्प्यांचा संप बांधून घ्यावा, असा माझा सल्ला आहे.

पंप बंद पडला की पाणी दोन वाटांनी खाली येते. ओव्हरफ्लोच्या (वरच्या टाकीतले जादा पाणी खाली सोडणाऱ्या खोक्याच्या) दातांवरून वाहणारा थर निथळला की ती वाट थांबते; परंतु रिटर्नचा, म्हणजे संपातले पाणी पंपाने वर नेणारा, पाइप उलटा सायफन होऊन, त्याचे तोंड हवेत उघडे पडेपर्यंत वरच्या टाकीतले पाणी ओढत राहतो. आपल्या टाकीत उंचीच्या प्रत्येक सेंटिमीटरला ५.४ लिटर पाणी असते. रिटर्नचे तोंड पृष्ठभागाखाली अडीच सेंटिमीटरवर असेल तर साडेतेरा लिटर आणि पाइपांतले व ओव्हरफ्लोच्या खोक्यातले दोन-तीन लिटर, असे सुमारे १६ लिटर पाणी खाली येईल. आपण योजलेल्या संपात एका सेंटिमीटरला २.२५ लिटर मावतात, म्हणजे पातळी सात सेंटिमीटर चढेल. तेवढे चालण्यासारखे आहे. पण खोलवर प्रवाह मिळावा म्हणून तेच तोंड दहा सेंटिमीटर खाली ठेवले, तर ५७ लिटर येतील. संप २३ सेंटिमीटर पातळीवर चालत असेल तर वरच्या १७ सेंटिमीटरांत जेमतेम ३८ लिटर मावतात आणि उरलेले १९ लिटर खारे पाणी फरशीवर जाते. रिटर्नच्या पाइपला पृष्ठभागालगत बारीक भोक पाडून सायफन तोडता येतो, पण त्या भोकात शेवाळ बसून ते बुजते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या झडपेवर चुन्याचा थर धरला की तीही पूर्ण मिटत नाही. हे दोन्ही उपाय जोडीला जरूर ठेवावेत, मात्र हिशेब ते नाहीत असे समजूनच करावा.

याच हिशेबाची उलट बाजू फारसे कोणी पाहत नाही. एखादी गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा ड्रेनमध्ये, म्हणजे वरचे पाणी खाली आणणाऱ्या पाइपात, अडकला, तर पंप रिटर्नच्या कप्प्यातले पाणी संपेपर्यंत वर ढकलत राहतो. म्हणून त्या कप्प्यात असलेले सगळे पाणी वरच्या टाकीच्या काठाखालच्या मोकळ्या जागेत मावले पाहिजे. पुढे सुचवलेला १७ × ४० सेंटिमीटरचा कप्पा १८ सेंटिमीटर भरलेला असेल तर त्यात सुमारे १२ लिटर पाणी असते, म्हणजे वर सव्वादोन सेंटिमीटर चढ. तेव्हा काठाखाली निदान तीन सेंटिमीटर मोकळे ठेवावेत.

आता ड्रेन. आपली टाकी भरलेली आहे, त्यामुळे काचेला भोक न पाडता मागे अडकवण्याचा सायफनवाला ओव्हरफ्लो वापरण्याचा मोह होईल. तो टाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या खोक्यातल्या सायफनमध्ये हवा साठत जाते आणि वीज परत आल्यावर सायफन पुन्हा धरला नाही, तर पंप पाणी वर चढवत राहतो पण खाली काहीच येत नाही. एक सबंध दिवस राखून ठेवावा, मासे आणि दगड टाकीतल्याच पाण्यासह मोठ्या क्रेटमध्ये वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारा छोटा पंप) लावून हलवावेत आणि मागच्या काचेला हिऱ्याच्या कटरने भोके पाडून घ्यावीत. त्याआधी काच टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेली) नाही, हे टाकी बांधणाऱ्याकडून खात्रीपूर्वक विचारून घ्यावे, कारण टफन्ड काच भोक पाडताना जागच्या जागी चुरा होते.

दोन पाइपांची, हौशी मंडळींत हर्बी नावाने ओळखली जाणारी रचना या मापाला पुरते. एका पाइपावर संपाजवळ व्हॉल्व्ह बसवून तो थोडा आवळायचा, म्हणजे पाइप पूर्ण पाण्याने भरून आवाज न करता वाहतो. दुसरा पाइप काही सेंटिमीटर उंच ठेवून कोरडा राखायचा, पहिला तुंबला तर पाणी त्यातून जाते. या दुसऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नये. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी हातात पडतो. पितळेत तांबे असते आणि तांबे प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी अशा सर्वच अपृष्ठवंशी जीवांना घातक आहे. पीव्हीसीचाच व्हॉल्व्ह घ्यावा, क्लिपही प्लॅस्टिकच्याच लावाव्यात. पाइपांच्या जोडणीत प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एक युनियन (फिरवून सुटा करता येणारा जोड) ठेवला, तर पुढे सफाईसाठी पाइप कापावा लागत नाही.

९० सेंटिमीटर लांबीची वाटणी मी अशी करीन: पहिल्या ३० सेंटिमीटरांत ड्रेनचे पाणी आणि प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र), पुढचे ३८ रेफ्युजियमला, पाच सेंटिमीटर बुडबुडे अडवणाऱ्या आडव्या काचांना आणि शेवटचे १७ रिटर्न पंपाला. पहिल्या दोन कप्प्यांतली पातळी काचेच्या उंचीने कायम राहते. स्किमरला हे फार गरजेचे असते, कारण त्याच्या फेसाची उंची बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. म्हणून ही काच किती उंच ठेवायची, ते स्किमर आधी विकत घेऊन, त्याच्या निर्मात्याने सांगितलेली खोली पाहून ठरवावे. संप बांधून झाल्यावर स्किमर शोधत फिरू नये. फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) लावायचा असेल तर तो दर तीन-चार दिवसांनी बदलण्याची तयारी ठेवावी. तुंबलेल्या सॉकमध्ये अडकलेली घाण तिथेच कुजते आणि तिचे नायट्रेट होऊन पुन्हा पाण्यात येते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सॉक लावलाच नाही तरी बिघडत नाही.

पंपाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. संपातून दर तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरले तरी पुरते, कारण प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह वरच्या वेव्हमेकरने द्यायचा असतो. म्हणजे प्रत्यक्षात ताशी सुमारे १,००० लिटर हवेत. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर उंची आणि दोन-तीन कोपरे धरले तर साधारण निम्मे पाणी वर पोचते. ताशी २,००० ते २,५०० लिटरचा, वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप घ्यावा.

रेफ्युजियमकडे येतो. शेवाळाकडून पाणी स्वच्छ करून घेण्याची कल्पना जुनी आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात जाळीवर वाढणाऱ्या शेवाळावरून पाणी खेळवून प्रवाळांच्या टाक्या सांभाळल्या. तत्त्व तेच आहे: शेवाळ वाढताना पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट आपल्या शरीरात घेते आणि आपण ते शेवाळ काढून फेकले की ते टाकीबाहेर जाते. काढले नाही तर काहीच बाहेर जात नाही. शेवाळाचा गोळा कप्पाभर दाटला की आतल्या भागाला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि घेतलेले सगळे परत देतो.

रेफ्युजियममधून पाणी अगदी हळू गेले पाहिजे, नाहीतर शेवाळाला ते शोषायला वेळ मिळत नाही, असा समज सर्वत्र आहे. त्यात तथ्य नाही. आपल्या कप्प्याची रुंदी ४० आणि पाण्याची उंची २३ सेंटिमीटर धरली, तर ताशी १,००० लिटर पाणी तिथून सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने सरकते, जी मुळातच संथ आहे. शिवाय तेच पाणी दिवसभरात पुन्हा पुन्हा येत असते. एका फेरीत किती शोषले गेले याला महत्त्व नाही, दिवसात किती शोषले गेले याला आहे. प्रवाह चांगला असेल तर शेवाळाच्या तंतूंना ताजे पाणी मिळते आणि त्यांच्यावर गाळ बसत नाही. म्हणून वेगळी शाखा, वेगळा व्हॉल्व्ह, वेगळा छोटा पंप यांपैकी काहीही न करता सगळे पाणी सरळ रेफ्युजियममधून जाऊ द्यावे.

उजेडात मात्र कंजुषी नको. ३८ × ४० सेंटिमीटरच्या कप्प्याला ३० ते ५० वॉटचा चांगला एलईडी लागतो. विजेच्या दुकानात मिळणारा पांढरा फ्लड लाइट चालतो, लाल-निळा ग्रो लाइट असेल तर अधिक चांगले. दिवा कप्प्याच्या वर २० ते २५ सेंटिमीटरवर टांगावा, मध्ये अॅक्रिलिकचा पत्रा ठेवून मिठाचे शिंतोडे अडवावेत आणि दोन्ही बाजूंच्या कप्प्यांच्या काचेला काळी फिल्म लावावी, नाहीतर तेच शेवाळ स्किमरवर आणि रिटर्न पंपाच्या तोंडावर उगवते. दिवा रात्री लावावा. वरच्या टाकीतले दिवे मालवले की तिथले प्रकाशसंश्लेषण थांबते, पण श्वसन चालूच राहते. कार्बन डायऑक्साइड साठून पहाटे पीएच सर्वांत खाली जातो. त्याच वेळी खाली शेवाळ तो वायू वापरत असेल तर ही घट बरीच कमी होते. बारा ते चौदा तास पुरेत.

शेवाळ चेटोमॉर्फाच घ्यावे, ज्याला सगळे चेटो म्हणतात. तारेच्या घासणीसारखा त्याचा हिरवा, कडक, गुंतलेला गोळा दगडाला चिकटत नाही, हाताने तोडून काढता येतो आणि कप्प्याबाहेर पसरत नाही. कॉलेर्पा जोमाने वाढते, पण तिचा एक स्वभाव धोक्याचा आहे: प्रजननाच्या वेळी ती आपल्यातला सगळा जीवद्रव्याचा भाग पाण्यात सोडून देते, पाने काचेसारखी पांढरी पडतात, पाणी हिरवट गढूळ होते आणि रात्रीतून ऑक्सिजन उतरतो. हॅलिमेडा दिसायला सुंदर असते, पण ती पाण्यातला कॅल्शियम खाते, म्हणून पोषकद्रव्ये काढण्यासाठी ती कामाची नाही. चेटो एखाद्या ओळखीच्या हौशी माणसाकडून मिळाले तर आधी बादलीत खाऱ्या पाण्यात झटकून, उजेडात नीट पाहून घ्यावे. त्यात लपून आलेले छोटे खेकडे आणि आयप्टेशिया (झपाट्याने पसरणारी उपद्रवी समुद्रफुले) पुढे फार त्रास देतात.

कोकणात गेल्यावर किनाऱ्यावरून शेवाळ, दगड, जीवाणू वसलेली ‘जिवंत’ वाळू आणावी का, हेही बरेच जण विचारतात. मालवणचा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलता येत नाही. बाकी किनाऱ्यांवरही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दगडी प्रवाळ, समुद्री काकड्या आणि समुद्रघोडे यांना संरक्षण दिलेले आहे; प्रवाळाचा मृत सांगाडाही त्यात येतो. दगड हवा असेल तर कृत्रिम कोरडा दगड घ्यावा. काही महिन्यांत त्याच्यावर तेच जीवाणू वसतात.

चिखल किंवा वाळूचा थर घालू नये, असे माझे उत्तर आहे. नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जीवाणू ऑक्सिजनविरहित थरात राहतात आणि त्यासाठी बारीक वाळूचा थर निदान १० ते १५ सेंटिमीटर जाड लागतो. आपल्या २३ सेंटिमीटरच्या पाण्यात तेवढा थर दिला तर शेवाळाला उरते काय? पातळ थर हे काम करीत नाही, गाळ मात्र साठवतो. तळ उघडा ठेवला तर महिन्यातून एकदा नळीने गाळ ओढून काढता येतो. दगडाचे दोन-तीन सच्छिद्र तुकडे ठेवावेत, त्यांच्या आडोशाने कोपेपॉड आणि अॅम्फिपॉड हे बारीक कवचधारी जीव वाढतात. पंपातून वर जाताना त्यांतले सगळे मरतात हे खरे नाही. बरेचसे जिवंत पोचतात आणि माशांच्या तोंडी लागतात. तेवढ्यावर मँडरिन मासा जगेल अशी अपेक्षा मात्र या मापाच्या टाकीत ठेवू नये.

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे ४० नायट्रेटकडे. रेफ्युजियम ते खाली आणणारे पहिले साधन नव्हे. आधी पाणी बदलावे: दर आठवड्याला पाव पाणी बदलले आणि नवी भर पडली नाही, तर ४० चे ३०, मग साडेबावीस, मग १७, मग १३ होतात. त्याच वेळी बदलीचे पाणी तपासावे. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल तर नायट्रेट तिथूनच येत असू शकते. घरातल्या पिण्याच्या आरओचे पाणीही नेहमी चालत नाही, कारण चवीसाठी काही यंत्रांत खनिजे किंवा थोडे कच्चे पाणी परत मिसळतात. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्यावर आणावा आणि त्यातच मीठ कालवावे. फॉस्फेटही मोजावे. ते शून्य असेल तर शेवाळ वाढणार नाही आणि नायट्रेट तसेच राहील, म्हणून फॉस्फेट शोषणारे माध्यम लावले असेल तर ते काढून टाकावे. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ या टप्प्यात ठेवावे; दोन्ही शून्य करण्याच्या हट्टातून टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा तपकिरी चिकट थर पसरतो आणि तो घालवणे नायट्रेट उतरवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. चेटो फिके पडून ठिसूळ होऊ लागले, तर बहुधा लोह किंवा नायट्रेट-फॉस्फेटपैकी एक कमी पडलेले असते.

संप बसला की बाष्पीभवनाचा सगळा परिणाम फक्त रिटर्नच्या कप्प्यात दिसतो. १७ × ४० सेंटिमीटरच्या त्या कप्प्यात पाच लिटर पाणी उडाले की पातळी सात सेंटिमीटर उतरते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला एवढे पाणी सहज जाते. त्यामुळे आपोआप गोडे पाणी भरणारी यंत्रणा इथे आवश्यकच आहे. तिचा साठा १५ लिटरांपेक्षा मोठा ठेवू नये. सेन्सर अडकून ते सगळे एकदम आले, तरी २७५ लिटर पाण्याची क्षारता (हजार भागांतले क्षार) ३५ वरून सुमारे ३३ वर येईल, जी जीव सहन करतात. १०० लिटरचा ड्रम जोडलेला असेल तर ती २६ च्या खाली जाते. पंख्याचा उपयोगही समजून घ्यावा. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता नेते ती या सबंध पाण्याला सुमारे दोन अंशांनी थंड करण्याइतकी असते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे उत्तम चालते. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत पाणी तितके उडत नाही आणि चिलरशिवाय गत्यंतर नसते. चिलर घेतलाच तर कॅबिनेटबाहेर ठेवावा, नाहीतर तो स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो.

संप चिकटवताना बुरशीरोधक द्रव्ये नसलेले सिलिकॉनच वापरायला सांगावे. बाथरूमसाठी विकले जाणारे चालत नाही. आठवडाभर सुकू द्यावे आणि मग कॅबिनेटमध्ये ठेवण्यापूर्वी गोडे पाणी भरून दोन दिवस पाहावे. विजेचा बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर आणि पाण्याच्या पातळीहून वर असावा, प्रत्येक वायरला बोर्डाच्या आधी खाली झोळ द्यावा म्हणजे ओघळणारा थेंब तिथेच गळून पडेल, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) व चांगले अर्थिंग असल्याशिवाय पंप चालू करू नये.

सगळे जोडून झाल्यावर पंप चालवून पातळी स्थिर होऊ द्यावी आणि मग मुद्दाम बटण बंद करावे. पाणी जिथवर चढून थांबेल तिथे संपाच्या काचेवर मार्करने रेघ ओढावी, पुन्हा चालू करून चालू पातळीची दुसरी रेघ ओढावी. घरातल्या सर्वांना या दोन रेघा दाखवून ठेवाव्यात. वीज परत येते तेव्हा संपातली पातळी वर असते आणि स्किमर तेवढ्या वेळात कप भरून ओसंडू शकतो, म्हणून त्याला दहा मिनिटे उशिरा चालू होणारा टायमर लावावा. मागचा फिल्टर लगेच काढू नये. त्यातल्या स्पंजवर जीवाणू आहेत. तीन-चार आठवडे दोन्ही चालू द्यावेत, मग स्पंजचा निम्मा भाग आणि पंधरा दिवसांनी उरलेला काढावा. चेटो पहिल्या महिन्यात हळू वाढते. गोळा दुप्पट झाला की निम्मा काढून उरलेला उलटा करून ठेवावा, आणि काढलेले शेवाळ गटारात, खाडीत किंवा समुद्रात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्यावे. भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोजवळ प्रथम आढळलेली कॉलेर्पा टॅक्सिफोलिया मत्स्यालयातूनच सुटली होती आणि पुढे तिथल्या समुद्रतळावर दूरवर पसरली.